तिसरा हात

बारावीची परीक्षा संपली आणि आमच्या धाकट्याने गिटारचा हट्ट धरला. हो-नाही करता करता त्याच्या मामाने कुणाची तरी वापरलेली एक आणून दिली. तेव्हापासून घरात सकाळ-संध्याकाळ टुणटुण सुरू असते. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. बी.ए.ला मराठी आणि इतिहास घेतला होता, त्यामुळे गाण्यापेक्षा गाणाऱ्याची गोष्ट मला लवकर कळते. म्हणून एकदा पोळ्या करता करता त्याला विचारलं, की तू मोबाइलवर सारखं ज्याचं वाजवणं ऐकतोस तो आहे तरी कोण? त्याने नाव सांगितलं, क्लॅरेन्स व्हाइट. अमेरिकन. जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. वय किती होतं म्हटलं, तर 29. आणि गेला कसा, तर रात्री कार्यक्रम संपवून गाडीत सामान भरताना एका दारू प्यायलेल्या माणसाच्या गाडीने उडवलं.

त्या दिवशी तव्यावरची पोळी करपली.

त्याचं असं आहे मैत्रिणींनो, आमच्या बचत गटात एक ताई आहेत. त्यांचे मालक लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. वरात उरकून रात्री दीड-दोनच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला टेम्पोत वाद्यं चढवत होते, मागून गाडी आली. तोही चालक प्यायलेलाच. भरपाईच्या कागदांसाठी मी त्या ताईंबरोबर दोन वर्षं जिल्ह्याच्या गावी खेटे घातले आहेत. त्यामुळे सातासमुद्रापलीकडचा हा क्लॅरेन्स मला एकदम ओळखीचा वाटायला लागला. मग मुलाच्या मागे लागून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून घेतलं, त्याची रेकॉर्डिंग्ज ऐकली. आज त्याचीच गोष्ट सांगते.

क्लॅरेन्सचा जन्म 7 जून 1944 चा. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथलं लुइस्टन हे त्याचं जन्मगाव. घराणं मूळचं कॅनडातलं, फ्रेंच बोलणारं. आडनाव होतं लेब्लाँ. त्याचा अर्थच पांढरा, म्हणून इंग्रजीत ते झाले व्हाइट. वडील गिटार, बँजो, फिडल, माउथ ऑर्गन, हाताला लागेल ते वाजवायचे. मुलांच्या कानावर घरातलंच संगीत पडलं. पाच वर्षांच्या क्लॅरेन्सच्या हातात गिटार मावेना, म्हणून काही दिवस त्याला युकुलेले हे छोटं वाद्य दिलं होतं. मला हे वाचून आपल्याकडची, बाबांची सायकल दांडीखालून पाय घालून चालवणारी पोरं आठवली.

1954 मध्ये हे कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या बरबँक गावी आलं. थोरला रोलँड क्लॅरेन्सपेक्षा सहा वर्षांनी मोठा, तो मँडोलिन वाजवायचा. मधला एरिक. तिघा भावांचा संच तयार झाला, रेडिओवर गेला, गावोगावच्या कार्यक्रमांना जायला लागला. बहीण जोआन सुरुवातीला त्यांच्यात बास वाजवायची. पुढे तिचं नाव फारसं कुठे येत नाही. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

ते वाजवायचे ते संगीत ब्लूग्रास नावाने ओळखलं जातं. बँजो, फिडल, मँडोलिन, सगळी तारांचीच वाद्यं, आणि चाल अशी वेगवान की पाय आपोआप ठेका धरतो. यात गिटारचं काम तोपर्यंत तबल्याच्या साथीसारखं होतं. मागे बसायचं, ताल आणि सूर भरायचा. पुढे येऊन धून वाजवायची ती इतरांनी. क्लॅरेन्सने एका आंधळ्या कलाकाराला, डॉक वॉटसनला, लॉस एंजेलिसच्या ॲश ग्रोव्ह या क्लबमध्ये ऐकलं. तो गिटारवर अख्खी धून वाजवत होता. पोराला वाट सापडली. 1964 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात 20 वर्षांचा क्लॅरेन्स त्याच डॉक वॉटसनच्या शेजारी बसून वाजवत होता. त्याच वर्षी भावांच्या संचाची, तेव्हा त्याचं नाव केंटकी कर्नल्स झालं होतं, नुसत्या वाद्यसंगीताची एक रेकॉर्ड निघाली. आजही ब्लूग्रास गिटार शिकणारी मुलं ती समोर ठेवून बसतात, असं माझा मुलगा सांगतो.

त्याच्याकडे तेव्हा 1935 सालची मार्टिन कंपनीची गिटार होती. जुनी, हाताळलेली. तिच्या मधल्या भोकाची कड आधीच्या कुणीतरी वापरून वापरून झिजवली होती आणि मग ते भोक मोठंच करून टाकलं होतं. दुकानदाराच्या हिशेबाने हा दोषच. पण आवाज मात्र तिचा तिचाच होता.

गोष्टीत पैशाचा भाग येतोच. 1965 च्या आसपास अमेरिकेत सगळीकडे बीटल्सची लाट. तरुण पोरांना विजेवरची गिटार आणि ड्रम हवे. ब्लूग्रासला कोण विचारतो? कर्नल्सची बोलावणी कमी झाली, संच मोडला. क्लॅरेन्सला चरितार्थासाठी इलेक्ट्रिक गिटारकडे वळावं लागलं. ती मार्टिन पैशाच्या अडचणीत एका ओळखीच्या माणसाकडे गेली ती त्याच्या हयातीत काही परत आली नाही. आपल्याकडे बाईची पाटली जाते तशी.

नवी गिटार होती टेलिकास्टर. लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या कारखान्यात 1950 च्या सुमाराला या जातीची गिटार पहिल्यांदा तयार झाली. पोकळ पोट नाही, काही नाही. जेवायला बसायच्या पाटासारखी भरीव लाकडी फळी, तिला मान जोडलेली आणि तारांखाली आवाज टिपणारी विजेची उपकरणं. क्लॅरेन्सची 1954 सालची होती. साध्या गिटारवरचा हा राजा, पण विजेच्या गिटारवर त्याला पुन्हा शिकाऊ व्हावं लागलं. लाज न बाळगता शिकला. थोड्याच दिवसांत लॉस एंजेलिसच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत त्याला कामं मिळायला लागली. दुसऱ्याच्या गाण्यात दोन ओळींच्या मधे वाजवायचं, पैसे घ्यायचे, घरी यायचं.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुम्ही पूर्वी रेडिओवर हिंदी सिनेमातली गाणी हवाईयन गिटारवर ऐकली असतील, व्हॅन शिप्लेंनी वाजवलेली. सूर कसा घसरत, रडत, ओला होऊन एकातून दुसऱ्यात जातो! अमेरिकेतल्या कंट्री संगीतात असाच सूर पेडल स्टील नावाच्या वाद्यातून काढतात. ते आडवं ठेवून, पायाने पेडलं दाबत वाजवायचं असतं. पेडल दाबलं की एखादी तार ताणली जाते, सूर चढतो, बाकीच्या तारा जागच्या जागी. आपल्या सितारीतली मींड म्हणा हवं तर, पण शेजारच्या तारा वाजत असताना मधल्याच एका तारेची.

क्लॅरेन्सला हा सूर उभ्याने वाजवायच्या साध्या टेलिकास्टरमधून हवा होता. मानेच्या वरच्या टोकाला, खुंटीजवळ तार बोटाने दाबली तर तसा सूर निघतो. पण बोटं मानेच्या खालच्या भागात अडकलेली असली तर वर दाबणार कोण? 1967 च्या सुमाराला एका रेकॉर्डिंगमध्ये हाच पेच पडला. शेजारी त्याचा मित्र जीन पार्सन्स उभा होता. क्लॅरेन्सने त्यालाच सांगितलं, मी वाजवतो, मी खूण केली की तू तार ओढ. एक वाजवतोय, दुसरा ओढतोय! काम झालं, पण दर वेळी मित्राला कुठून आणायचं? मग क्लॅरेन्सने मित्राकडे चक्क तिसरा हात मागितला.

हा पार्सन्स ड्रम वाजवायचा, पण लहानपणापासून यंत्रशाळेत वावरलेला, लेथ आणि ड्रिलवर हात बसलेला. त्याने आधी पेडलं आणि केबल्स लावायचं सुचवलं. क्लॅरेन्सला पायात लोंबणारं काही नको होतं. जे काय करायचं ते गिटारच्या आत कर, म्हणाला. मग युक्ती सुचली ती खांद्यावरच्या पट्ट्याची. गिटार गळ्यात अडकवायचा पट्टा एका बटणात गुंततो. ते बटणच पार्सन्सने हलणारं केलं. त्याला आतून एक लिव्हर जोडली, लिव्हरपासून दुसऱ्या तारेपर्यंत दुवा नेला. वाजवणाऱ्याने गिटारची मान थोडी खाली दाबली की पट्टा ताणला जातो, बटण वर ओढलं जातं आणि दुसरी तार बरोबर एका स्वराने चढते. समजा सा वाजत असेल, तर रे. दाब सोडला की स्प्रिंग तिला पुन्हा सा वर आणून ठेवते. सायकलचा ब्रेक दाबला की तार ओढली जाते ना, जवळजवळ तसंच.

स्नीकी पीट क्लाइनाऊ या पेडल स्टील वाजवणाऱ्या मित्राने आपल्याकडचे जुने सुटे भाग दिले. टेलिकास्टरच्या पाठीत खळगा कोरला. पण एवढं सगळं त्या फळीत मावेना, म्हणून मागून आणखी एक कवच जोडलं. गिटार चांगली जाडजूड दिसायला लागली. आपली एकुलती एक, पोट भरणारी गिटार मित्राच्या हातात कोरायला द्यायची, याला केवढा विश्वास लागतो! मी तर माझी शिलाई मशीन दुरुस्तीला देतानाही दुकानात बसून राहते.

मुलगा म्हणतो, आज गिटार वाजवणाऱ्यांच्या पायाशी छोट्या डब्यांची रांग असते. एक आवाज घुमवतो, एक खरखरीत करतो, एक लाटेसारखा फिरवतो. सगळं विजेवर. क्लॅरेन्सची ही करामत मात्र विजेची नव्हती, खांद्याची होती. या यंत्राला बी-बेंडर म्हणतात, कारण ज्या तारेला ते ओढतं तिचा सूर पाश्चात्त्य लिपीत बी. मी त्याचं वाजवणं पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, नुसता डावा खांदा किंचित दबतो आणि सूर हुंदका दिल्यासारखा वर चढतो. मला शब्द कळत नव्हते, तरी गळ्याशी काहीतरी आलं. उगाच सांगत नाही.

1968 च्या सप्टेंबरात द बर्ड्स या त्या काळच्या मोठ्या बँडने त्याला कायमचं घेतलं. त्याआधी त्यांच्या रेकॉर्डिंगला तो जाऊन आलाच होता. पार्सन्सही ड्रमवर आला. रॉक आणि कंट्री यांचं लग्न लावणाऱ्यांत हा बँड अग्रभागी होता. साडेचार वर्षं, देशोदेशीचे दौरे, रेकॉर्ड्स. घरी बायको आणि दोन मुलं. या वर्षांबद्दल गिटारच्या लोकांनी पानंच्या पानं लिहिलेली आहेत, कुठली तार, कुठली खुंटी, कुठला पिकअप. त्याच्या बायकोने ती वर्षं कशी काढली याबद्दल दोन ओळीही मला मिळाल्या नाहीत.

1973 च्या फेब्रुवारीत बर्ड्समधलं त्याचं काम संपलं. आणि गंमत बघा, इतकं सगळं झाल्यावर तो परत भावांकडे आला. रोलँड तेव्हा लेस्टर फ्लॅट या बुजुर्ग कलाकाराच्या ताफ्यात होता. चांगलं चाललेलं ते काम सोडून तो आला, एरिक आला. तिघांनी पुन्हा साधी, बिनविजेची वाद्यं उचलली, युरोपचा दौरा केला. त्यांचं स्वीडनमधलं रेकॉर्डिंग आहे, ऐकताना तिघं एकमेकांना छेडताहेत हे भाषा न कळताही कळतं. जूनमध्ये क्लॅरेन्सने स्वतःच्या नावाच्या पहिल्या रेकॉर्डचं काम सुरू केलं. इतकी वर्षं इतरांच्या गाण्यात वाजवलेलं, आता आपलं. थोडीच गाणी ध्वनिमुद्रित झाली.

14 जुलै 1973 च्या रात्री भाऊ कॅलिफोर्नियातल्या पामडेल गावी एका क्लबात जुन्या मित्रांबरोबर वाजवायला गेले होते. कार्यक्रम संपायला मध्यरात्र उलटली. दोनच्या पुढे बाहेर रस्त्यालगत उभ्या गाडीत वाद्यं ठेवत असताना ती मोटार आली. रोलँड तिथेच होता, त्यालाही लागलं. क्लॅरेन्स वाचला नाही.

दफनाच्या वेळी ग्रॅम पार्सन्स आणि बर्नी लेडन या दोन गायक मित्रांनी एक जुनं भजन म्हटलं. या ग्रॅमचं आणि यंत्र करणाऱ्या जीनचं आडनाव एक, नातं काही नाही. दोन महिन्यांनी, सप्टेंबरात ग्रॅमही गेला, अवघ्या 26 व्या वर्षी, नशेच्या पायी. जायच्या आधी त्याने एमिलू हॅरिसबरोबर एक गाणं रचलं होतं, त्यात एक कडवं क्लॅरेन्सवर आहे. ती रेकॉर्ड 1974 मध्ये निघाली.

आता त्या दोन गिटारींचं काय झालं ते सांगायला हवं, कारण मला खरी ओढ तिथे आहे.

जुनी मार्टिन ज्याच्याकडे गेली होती त्याच्याकडेच पडून राहिली. 1960 मध्ये टोनी राइस नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने क्लॅरेन्सच्या हातात ती पाहिली होती आणि क्लॅरेन्सने त्याला ती वाजवूही दिली होती. मोठा झाल्यावर टोनीने माग काढत काढत 1975 मध्ये ती शोधून काढली आणि 550 डॉलरला घेतली. पुढे तो स्वतः ब्लूग्रासमधला फार मोठा वादक झाला. 1993 मध्ये फ्लोरिडात वादळाचं पाणी त्याच्या घरात शिरलं, गिटार भिजली, दुरुस्त करून पुन्हा उभी राहिली. 2020 च्या नाताळात टोनी गेला, तोवर ती त्याच्याकडेच होती.

टेलिकास्टर राहिली क्लॅरेन्सच्या बायकोकडे. पदरात दोन लेकरं आणि घरात एक जाडजूड, कोरलेली, जगात एकमेव अशी गिटार. घेणारे आले नसतील असं मला वाटत नाही. आपल्याकडे तेराव्यालाच मोटारसायकलचा भाव विचारणारे असतात. तिने ती सात वर्षं ठेवली. मग 1980 मध्ये मार्टी स्टुअर्ट नावाचा बाविशीच्या आतला मुलगा तिच्याकडे आला. हा मार्टी म्हणजे रोलँडचा पाठराखा. तेरा वर्षांचा असताना मिसिसिपीतल्या आईवडिलांनी रोलँडच्या भरवशावर त्याला फ्लॅटच्या ताफ्यात पाठवलं होतं. रोलँड भावांकडे गेला तेव्हा त्याची मँडोलिनची जागा या पोरानेच घेतली. तिने त्याला ती गिटार 1,450 डॉलरला दिली. तिच्या मोलाच्या मानाने ही रक्कम थोडीच होती, पण तिने कपाटात ठेवणाऱ्याला नाही, वाजवणाऱ्याला दिली. तेव्हापासून मार्टी ती प्रत्येक कार्यक्रमाला नेतो, गळ्यात अडकवतो, खांदा दाबतो.

जीन पार्सन्सने पुढे अनेक वर्षं इतरांच्या गिटारींत हे यंत्र बसवून दिलं. ईगल्स बँडमधला बर्नी लेडन, तोच दफनाच्या वेळी गाणारा, तो हे वाजवायचा. इंग्लंडच्या लेड झेपेलिनचा जिमी पेजही. आणि 1993 मध्ये, म्हणजे क्लॅरेन्स गेल्यावर बरोबर 20 वर्षांनी, फेंडर कंपनीने त्याच्या नावाची टेलिकास्टर काढली, आत बी-बेंडर बसवलेली. 2001 पर्यंत ती बनत होती. अशा गिटारींना सिग्नेचर गिटार म्हणतात, कलाकाराच्या वाद्याबरहुकूम केलेली आणि त्याच्या नावाने विकली जाणारी. मार्टिन कंपनीनेही नंतर त्याच्या नावाचं मॉडेल काढलं. आणि बाई, त्यात मधलं भोक मुद्दाम मोठं कापलेलं! कुणाच्या तरी हातून झिजलेली ती कड, ती आता कारखान्यात मोजून कापायला लागले.

रोलँड 2022 च्या एप्रिलमध्ये गेला, 83 वर्षांचा होऊन. भाऊ डोळ्यांदेखत गेल्यानंतर तो जवळजवळ पन्नास वर्षं मँडोलिन वाजवत राहिला, शिकवत राहिला.

हे सगळं मी आमच्या ताईंना गटाच्या बैठकीनंतर सांगितलं. त्यांना गिटारचं काही सोयरसुतक नव्हतं, पण 1,450 डॉलर म्हणजे किती ते विचारलं आणि ती दोन मुलं पुढे काय झाली तेही. क्लॅरिओनेट त्यांनी विकलेलं नाही. बँडच्या मालकाने दोनदा मागितलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावून पत्र्याची ट्रंक उघडून दाखवलं. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. तोंडाला लावायची बोरूची पट्टी वाळून चिरली आहे, दोन कळा अडकतात. त्यांच्या पुतण्याला शिकायचं आहे, पण मुलगी आधी मागते आहे. नवी पट्टी कुठे मिळते याची चौकशी मी धाकट्याला करायला सांगितली आहे.